'महल' भयपट की रहस्यपट?

मेघना: फिल्म सोसायटीच्या पुस्तिकेसाठी टिपण लिहितेय. 'महल' (१९४९) आणि 'बीस साल बाद' (१९६२) यांना मी 'भयपट' म्हटलं, संपादकबाईंनी ते खोडून 'रहस्यपट' केलं. का, तर दोन्हींत भूत नसतंच, शेवटी माणूसच निघतो. पण तोवर प्रेक्षकांच्या काळजाचा ठोका चुकलेला असतो, त्याचं काय? शब्द कशावरून ठरवायचा, पडद्यावरच्या भुतावरून की खुर्चीतल्या माणसाच्या भीतीवरून?

आबा: भीतीवरूनच. नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायी भाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, भय; बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. 'महल'मधली रिकामी हवेली, झोपाळ्यावरची बाई, लताबाईंचा दुरून जवळ येत जाणारा आवाज, हा भयानक रस. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मध्ये (१९८४) विद्रूप चेहरे आणि रक्त, ती किळस. भयपट म्हणू नये ते खरं तर 'पुराना मंदिर'ला!

रानवारा: आबा, तिकीट काढणारा रस बघून काढत नाही. आमच्याकडे सगळ्यालाच 'भुताचा पिच्चर' म्हणायचे. नव्वदीत टीव्हीवर 'झी हॉरर शो' लागायला लागला आणि 'हॉरर' घराघरांत रुळला. तो आता मराठीच धरा. आई हल्लीचे सिनेमे बघून म्हणते, "नुसते दचके देतात, भीती कुठाय?" जंप स्केअरला, म्हणजे एकदम दचकवणाऱ्या प्रसंगाला, 'दचका' इतका चपखल शब्द कोशकारालाही सुचायचा नाही.

कुडाळचा: आजीच्या तोंडी नुसतं 'भूत' कधी नसायचं. पाण्यात आसरा, पिंपळावर मुंजा, पुरलेल्या धनावर समंध. प्रत्येकाची जागा ठरलेली, त्यामुळे टाळताही यायचं. तिन्हीसांजेला त्या वाटेनं जायचं नाही, बस्स. रामगोपाल वर्मांच्या 'भूत'नं (२००३) ते मुंबईतल्या उंच इमारतीत आणलं. तिथे पिंपळ नाही, विहीर नाही, मग टाळणार काय? 'लपाछपी'त (२०१७) पुढची पायरी. उसाच्या फडात अडकलेल्या गरोदर बाईला खरा धोका मुलगी नको असलेल्या माणसांचा. म्हणून मला 'भयपट' पटतो. भूत असो-नसो, भय आहेच.

आबा: 'समंध' म्हणजे 'संबंध'च. जीव ज्यात अडकला त्याच्याशी संबंध सुटत नाही तो. 'तुंबाड'मधला (२०१८) सोन्यापाशी अडकलेला हस्तर त्याच घराण्यातला.

रानवारा: हस्तर माणूस मेल्यावर झालेला नाही, तो देवीच्या पोटचा. समंध कसा होईल? आणि तिथे भीती वाटते ती नायकाच्या, विनायकच्या हावेची.

आबा: लक्षण तेच, ठेव्याला चिकटणं. आणि 'आसरा' हा 'अप्सरा'चा अपभ्रंश. ही आपली खरी शब्दसंपत्ती. 'हॉरर' कशाला उसना घ्यायचा?

रानवारा: मग 'खवीस'ही परत करा, तो अरबी 'खबीस'वरून आलाय. त्याला घाबरताना कुणी मूळ विचारलं होतं?

मेघना: पुस्तिका छापायला जायची आहे. 'महल'पुढे काय लिहू?

कुडाळचा: त्याआधी एक. २०२४च्या सिनेमापासून पोरं 'मुंज्या' म्हणतात. आमच्याकडे 'मुंजा'च. मुंज झालेला मुलगा तो मुंजा, सोडमुंजीआधी गेला तर त्याचं भूतही मुंजा.

आबा: 'मुंजा'च बरोबर.

रानवारा: आमच्या गावात सिनेमाच्या कितीतरी आधीपासून 'मुंज्या'च म्हणतात. पाराला 'मुंज्याचा पार' असंच नाव आहे.