मदत हवी आहे : घरमालकाचे पत्र आले आहे आणि आईबाबा अजून महिनाभर इथेच आहेत

पिवळी_शेवंती
नमस्कार. मला तातडीने सल्ला हवा आहे. आईबाबा पुण्याहून आमच्याकडे आले आहेत आणि आज घरमालकाचे पत्र हाती पडले. आमच्या घरातून होणाऱ्या आवाजाबद्दल शेजाऱ्यांनी लेखी तक्रार केली आहे, हा प्रकार ताबडतोब थांबवावा, अन्यथा पुढील कारवाई करू, असे त्यात आहे. आमच्याकडे टीव्ही मोठ्याने लागत नाही, पार्ट्या होत नाहीत, लहान मूलही नाही. आईबाबा सत्तरीच्या घरातले, मुळातच हळू बोलणारे आहेत. पत्र आल्यापासून आई रात्री नळ सोडायलाही घाबरते आणि बाबा परतीचे तिकीट अलीकडचे मिळेल का असे विचारत आहेत. हे मला पाहवत नाही. पत्राला काय उत्तर द्यायचे आणि आम्हाला घर सोडावे लागेल का, एवढेच कृपया सांगा. ज्यांना असा अनुभव आला असेल त्यांनी लवकर लिहावे.

नेकारकाठ
आपण कोणत्या देशात आणि कोणत्या शहरात राहता हे लिहिलेले नाही, आणि उत्तर बरेचसे त्यावरच अवलंबून आहे. पत्राचा मथळा काय आहे, त्यात आवाजाचे वर्णन, तारखा आणि वेळा दिल्या आहेत का, आणि घरमालकाने स्वतः लिहिले आहे की इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीने, हेही कळवा. पत्र पुन्हा एकदा सावकाश वाचा. तोपर्यंत कोणालाही फोन करू नका.

खडीसाखर
ताई, हा कुकरच्या शिट्ट्यांचा प्रकार आहे, मी खात्रीने सांगते. आम्ही झुरिकला राहतो. सासूबाई आल्या तेव्हा त्यांनी भारतातून आणलेल्या कुकरची शिट्टी ऐकून समोरच्या बाई धावत आल्या होत्या, कारण त्यांना तो धोक्याचा भोंगा वाटला. इकडे बहुतेक कुकर स्प्रिंगच्या झडपेचे असतात, वाफ दाबली गेली की फक्त खूण वर येते, शिट्टी होत नाही. तसा एक घ्या आणि प्रश्न मिटवा. शिवाय रविवारी धुणे लावू नका. आमच्या इमारतीत तळघरातील सामाईक यंत्रासाठी वार वाटून दिलेले आहेत आणि रविवारी त्या खोलीला कुलूप असते.

पिवळी_शेवंती
आम्ही जर्मनीत, श्टुटगार्टला राहतो. कुकर इथलाच आहे, त्याला शिट्टी नाही. धुण्याचे यंत्र घरातच आहे आणि ते रविवारी कधीच लागत नाही. मिक्सरही दिवसाच लागतो. या सगळ्याची काळजी आम्ही पहिल्यापासून घेतो, म्हणून तर हे पत्र इतके लागले. उत्तर काय द्यायचे ते सांगा ना.

उंबरठा
मी टोकियोत राहतो. येथे नव्या घरी राहायला गेले की दोन्ही बाजूंच्या आणि वरच्या-खालच्या शेजाऱ्यांकडे छोटी भेटवस्तू घेऊन स्वतःची ओळख करून देण्याची पद्धत आहे. टॉवेल, कपडे धुण्याची पावडर किंवा बिस्किटे, एवढेच पुरते. ज्या माणसाचा चेहरा ओळखीचा झाला त्याच्या घरातील आवाज कानाला कमी टोचतो, हा माझा पक्का अनुभव आहे. तुम्ही कागदोपत्री उत्तराच्या मागे लागू नका. आईंना सोबत घ्या, त्यांच्या हातचे बेसनाचे लाडू घ्या आणि तक्रार करणाऱ्यांचे दार वाजवा.

नेकारकाठ
उंबरठा, आपला हेतू चांगला आहे, पण जपानचा उपाय येथे जसाच्या तसा चालणार नाही. जर्मनीत घरमालकाचे लेखी पत्र हा कायदेशीर कागद असू शकतो. त्यावर 'आबमानुंग' असा मथळा असेल, तर ती भाडेकराराचा भंग झाल्याबद्दलची औपचारिक ताकीद आहे. असा भंग चालू राहिला तर करार मोडण्याच्या दिशेने टाकलेले ते पहिले पाऊल ठरते आणि सहसा अशा ताकिदीशिवाय घरमालकाला त्या कारणावरून करार मोडता येत नाही. म्हणूनच एका पत्राने घर जात नाही, पण ते फडताळात टाकून विसरायचेही नसते.

घरमालक असे पत्र का लिहितो, हे समजून घेतले तर राग थोडा निवळेल. येथे सततच्या गोंगाटाने राहणे कठीण झाले तर त्रास सोसणाऱ्या भाडेकरूला भाडे कमी करण्याचा हक्क मिळू शकतो. त्यासाठी तो तारीख, वेळ, आवाजाचा प्रकार आणि कालावधी यांची नोंदवही ठेवतो आणि ती घरमालकाला पाठवतो. आता घरमालकाने काहीच केले नाही तर त्याचे उत्पन्न घटते. म्हणजे हे पत्र आपल्या आईबाबांवरील रोषातून आलेले नसून, तक्रार हाती आल्यावर त्याला जे करणे भाग होते ते त्याने केले आहे.

रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ सर्वसाधारणपणे सगळीकडे पाळली जाते. अनेक इमारतींच्या नियमावलीत दुपारी १ ते ३ हीसुद्धा असते. रविवारचे तर विशेष आहे. रविवार आणि सणांच्या सुट्ट्या हे विश्रांतीचे दिवस म्हणून राखण्याचे कलम १९१९च्या वायमार राज्यघटनेत होते आणि आजच्या राज्यघटनेच्या १४०व्या कलमाने ते तसेच पुढे चालू ठेवले आहे. त्यामुळे रविवारी सकाळी भिंतीला छिद्र पाडणाऱ्या शेजाऱ्याबद्दलचा येथील संताप हा केवळ एखाद्याच्या स्वभावाचा भाग नसतो. मात्र आईंना सांगा की नळ, शौचालय, अंघोळ यांवर रात्रीही सरसकट बंदी घालता येत नाही. राहत्या घरातील साधे आवाज शेजाऱ्यांनी सोसायचेच असतात.

मी विचारलेली माहिती अजून आलेली नाही. मथळा, आवाज आणि वेळा?

गोदातीर
मी नाशिकचा, वय ७४. मुलीकडे म्युनिकला जाऊन आलो आहे, म्हणून आईवडिलांच्या बाजूने लिहितो. बाबांना तिकीट बदलू देऊ नका. मुलांच्या घरी आपल्यामुळे त्यांना त्रास झाला, ही भावना आमच्या वयात फार खोल जाते आणि पुढच्या वेळी माणूस यायलाच नको म्हणतो. व्हिसाबद्दलही सांगून ठेवतो. शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, त्यात इटली-फ्रान्सची सहलही धरली जाते, आणि प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. मुदत वाढवून मिळेल या भरवशावर राहू नये.

पिवळी_शेवंती
गोदातीर काका, मनापासून आभार, पण व्हिसाचा प्रश्न नाही, तो व्यवस्थित आहे.

नेकारकाठ, मथळा 'आबमानुंग' असाच आहे. पत्र व्यवस्थापन कंपनीकडून आले आहे. आवाजाचे वर्णन 'जड वस्तूने ठोकल्यासारखा, थांबून थांबून येणारा दबका आवाज' असे आहे. सोबत तारखांची यादी आहे, वेळ बहुतेक पहाटे पाच ते साडेपाचच्या मधली आणि त्यात दोन रविवार आहेत. इमारत जुनी आहे आणि आमच्या खाली एक वृद्ध बाई एकट्या राहतात. त्या वेळी मी आणि नवरा झोपलेले असतो. आमच्याकडे हातोडासुद्धा नाही. त्या बाईंना भास होत असावा, असे नवऱ्याचे म्हणणे आहे.

सांधेजोड
मी इमारतींच्या ध्वनिरोधनाचे काम करतो. हा भास नाही. बोलणे, टीव्ही, गाणे यांचा आवाज हवेतून जातो आणि भिंतीपाशी बराच अडतो. आघाताचा आवाज वेगळा असतो. टाच, खुर्चीचा पाय, ठोका यांचा धक्का थेट बांधकामात शिरतो, भिंती आणि तुळयांमधून पसरतो आणि खालच्या घरातील छत त्याला पुन्हा आवाजाचे रूप देते. जुन्या इमारतींत लाकडी तुळयांची छते असली तर हे फारच जाणवते. म्हणून ज्या खोलीत तो निर्माण होतो तेथे तो क्षुल्लक वाटतो आणि खाली झोपलेल्या माणसाला मात्र उठवतो. आपल्या दारामागे झोपलेल्या माणसाला तो ऐकू न येणेही शक्य आहे.

पहाटे पाचला घरात कोण जागे असते आणि त्या वेळी स्वयंपाकघरात काय चालते, एवढे विचारा. पोळपाट ओट्यावर आपटतो का? काही कुटले जाते का?

गोदातीर
पहाटे पाचचे कारण मी सांगतो. उन्हाळ्यात भारत जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतो. तुमच्याकडे पाच वाजतात तेव्हा पुण्यात साडेआठ झालेले असतात. चाळीस वर्षे पहाटे उठून डबा करणारी बाई त्या वेळेपर्यंत अंथरुणात पडून राहते हेच पुष्कळ आहे.

पिवळी_शेवंती
आईला विचारले. ती पहाटे उठून दाण्याचा कूट करते. मिक्सरमध्ये कुटाला तेल सुटून गोळा होतो, म्हणून तिने पुण्याहून लोखंडी खलबत्ता सामानात घालून आणला आहे. मिक्सरने आमची झोप मोडेल म्हणून ती मुद्दाम खलबत्ता वापरते, ओट्याच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात, खाली काहीही न घालता, आणि स्वयंपाकघराचे दार लोटून घेते. आम्हाला खरोखरच काही ऐकू येत नाही. हे कळल्यापासून ती गप्प बसली आहे.

सांधेजोड
आईंना प्रथम सांगा की त्यांनी आवाज कमी व्हावा म्हणूनच हे केले, आणि हवेतून जाणारा आवाज खरोखर कमी झालाही. मात्र भिंतीला घट्ट बसवलेल्या ओट्यावर लोखंडाचा ठोका म्हणजे थेट भिंतीवरच ठोका. खलबत्ता टाकून देण्याची गरज नाही. धुण्याच्या यंत्राखाली घालतात तो जाड रबरी गालिचा बांधकाम-साहित्याच्या दुकानात मिळतो. त्याचा तुकडा कापून घ्या, त्यावर घडी घातलेला टॉवेल ठेवा, आणि ओट्याऐवजी भिंतीपासून सुटे असलेले टेबल वापरा. हे सकाळी नऊनंतर, रविवार सोडून. एवढ्याने खाली जाणारा धक्का पुष्कळ कमी होईल.

खडीसाखर
इतका खटाटोप कशासाठी? दाणे पूर्ण गार होऊ द्यावेत आणि मिक्सर सलग न फिरवता क्षण-क्षण थांबवत फिरवावा, म्हणजे तेल सुटत नाही. आपल्याकडचा मिक्सर युरोपात चालतो, दोन्हीकडे वीज २३० व्होल्टची असते, फक्त पिनेसाठी जोड लागतो.

पिवळी_शेवंती
मिक्सर आहे हो आमच्याकडे. आईला खलबत्त्यातलाच कूट हवा असतो आणि तिने तो करावा असे मलाही वाटते. आता पत्राचे सांगा. आधी खाली जाऊ की आधी उत्तर लिहू?

उंबरठा
आधी खाली जा. एकटी राहणारी वृद्ध बाई रोज पहाटे अज्ञात ठोक्यांनी जागी होते, तिच्यासाठी ते भीतीदायकच असणार. तिला कारण कळले पाहिजे, आणि ते व्यवस्थापन कंपनीच्या पत्रातून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेले बरे.

नेकारकाठ
आधी लिहा, असे माझे मत होते, कारण तोंडी बोलण्याचा पुरावा राहत नाही आणि नाव न देता तक्रार केली गेली असेल तर अवघड प्रसंग येतो. पण येथे कारण सापडले आहे आणि उपायही ठरला आहे, त्यामुळे उंबरठा यांचे म्हणणे मला मान्य आहे. फक्त 'तक्रार तुम्हीच केली का' असे विचारू नका. दुपारी १ ते ३ टाळून जा. लाडू नंतर कधीतरी द्या. अनोळखी माणसाकडून घरी केलेला पदार्थ घेताना येथे अनेकांना संकोच वाटतो आणि वृद्ध माणसाला पथ्यही असू शकते. फुले चालतील.

पिवळी_शेवंती
शनिवारी सकाळी अकराला आई आणि मी खाली जाऊन आलो. आईने खलबत्ता पिशवीत घालून सोबत घेतला होता, मी नको म्हटले तरी. बाईंनी दार साखळीवरच उघडले. मी कारण सांगितले, पण त्यांना ते नीट उमगेना, तेव्हा आईने खलबत्ता काढून त्यांच्या हातात दिला. बाईंनी बत्ता दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि मग साखळी काढली. वरच्या घरात कोणीतरी भिंत फोडते आहे आणि एक दिवस पाण्याची नळी फुटेल, असे त्यांना इतके दिवस वाटत होते. त्यांचे स्वयंपाकघर आमच्या बरोबर खाली आहे आणि पलंग त्याला लागूनच्या भिंतीशी आहे. त्यांनी आईला इमारतीच्या साफसफाईच्या पाळीची, 'केरवोखे'ची, दारावर अडकवायची पाटीही दाखवली आणि पुढच्या आठवड्यात ती आमच्या दारावर येणार असल्याचे सांगितले. बाबा आता तिकिटाबद्दल बोलत नाहीत.

कंपनीला उत्तर लिहिण्याची अजूनही गरज आहे का?

नेकारकाठ
आहे. शेजाऱ्यांशी समेट झाला तरी आबमानुंग कंपनीच्या दप्तरी राहते आणि वर्ष-दोन वर्षांनी काही निघाले तर पहिली ताकीद म्हणून तीच पुढे केली जाते. उत्तर एका पानात बसेल. पत्राची तारीख, आवाजाचे सापडलेले कारण, केलेला उपाय आणि तो कोणत्या तारखेपासून केला, शेजाऱ्यांशी प्रत्यक्ष बोलणे झाल्याचा उल्लेख, आणि हे प्रकरण मिटले असे समजावे ही विनंती, एवढेच लिहा. 'करारभंग झाला' असे शब्द वापरू नका, जे घडले तेवढेच सांगा.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. पाहुणे ठेवायला भाडेकरूला परवानगी लागत नाही, पण साधारण सहा आठवड्यांच्या पुढचा मुक्काम हा पाहुणचार की राहणे, यावर घरमालक वाद काढू शकतात. म्हणून आईबाबा किती तारखेपर्यंत आहेत हे त्याच पत्रात एका ओळीत कळवून टाका. तीन महिन्यांच्या आत परत जाणाऱ्या परदेशी पाहुण्यांची पालिकेत नोंद करावी लागत नाही. मसुद्याबद्दल शंका असेल तर भाडेकरूंच्या संघटनेत, म्हणजे श्टुटगार्टच्या मीटरफेराइनमध्ये, सभासद होऊन तेथील वकिलांना दाखवता येईल.

पिवळी_शेवंती
नवऱ्याने जर्मनमध्ये मसुदा केला आहे. ईमेलने पाठवला तर चालेल का?

नेकारकाठ
ईमेल पाठवा, पण त्यावर थांबू नका. सही केलेली प्रत टपालाने 'आइनवुर्फ-आइनश्राइबेन' करून पाठवा. त्यात टपालवाला पत्र पेटीत टाकल्याची नोंद करतो आणि समोरच्याच्या सहीची वाट पाहावी लागत नाही. पावती आणि पत्राची प्रत भाडेकराराच्याच फायलीत लावा.