मदत हवी आहे: आईचं पेन्शन खातं तिच्या स्मार्टफोनपासून वेगळं ठेवता येईल का?

नमस्कार मंडळी,

आई निवृत्त शिक्षिका, वाईला एकटी राहते. मी बंगळूरला असते. वीजबिल, औषधं, भाजीवाल्याचे पैसे, सगळं ती फोनवरून करते. मध्यंतरी तिच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळखीच्याच नंबरवरून 'लग्नपत्रिका' आली. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके होतं, म्हणजे ती पत्रिका नव्हतीच, ॲप होतं. आईने आधी मला विचारलं. मंडळातल्या एका काकूंनी मात्र ती उघडली आणि मेसेज वाचायची परवानगी दिली. ओटीपी परस्पर चोरांकडे जाऊ लागले, खात्यातून पैसे गेले आणि त्यांच्या नंबरवरून तीच पत्रिका इतरांना गेली. त्यांच्या मुलाने लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला म्हणून थोडी रक्कम तरी अडवता आली.

तेव्हापासून नातेवाईक मागे लागलेत की आईला बटणांचा साधा फोन दे. मला हे अजिबात मान्य नाही. तिचं स्वावलंबन त्या फोनवर आहे.

व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल्समधून अनोळखी ॲप इन्स्टॉल करायची परवानगी बंद केली आहे. प्ले प्रोटेक्ट (घातक ॲप तपासणारी गूगलची सोय) चालू आहे, व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन आहे. आधारचं बायोमेट्रिकही लॉक केलंय, कारण अंगठा लावून पैसे काढण्याचे प्रकार होतात. (नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी ते तात्पुरतं उघडावं लागेल. नेमकं त्याच सुमारास 'दाखला अपडेट करा' म्हणून भामट्यांचेही फोन येतात.)

आता मुख्य प्रश्न. पेन्शन खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदलून साध्या फोनमधल्या वेगळ्या सिमवर न्यायचा, त्या खात्याला यूपीआय ठेवायचंच नाही, आणि रोजच्या खर्चासाठी स्मार्टफोनवर दुसरं छोटं खातं, असा विचार आहे. असं कुणी केलंय का? पेन्शनमध्ये किंवा आधारला जोडलेल्या नंबरमुळे काही अडचण आली का? आणि मुदत ठेव ऑनलाइन मोडण्याची सोय शाखेत अर्ज देऊन बंद करून मिळते का? खात्यात शिरलेला माणूस एफडीही मोडू शकतो, त्याची मला जास्त भीती वाटते.

यूपीआय सर्कलही पाहिलं. माझ्या खात्यातून तिला महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत खर्च करता येईल. पण 'मला माझी पेन्शन आहे' म्हणून तिने साफ नकार दिला, आणि ते बरोबरच आहे.

आणखी एक. डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून अटक, नावाची गोष्ट कायद्यात नाही, हे तिला माहीत आहे. पण गणवेशातला माणूस व्हिडिओवर धमकावतो, फोन ठेवू देत नाही, तेव्हा माहिती असूनही माणूस गांगरतो. तुमच्यापैकी कुणी आईवडिलांकडून याची तालीम करून घेतली आहे का? अशा वेळी कॉल कापून आधी घरच्यांना फोन करायची सवय कशी लावली, ते कृपया सविस्तर लिहा.