पेडल स्टीलचा टोन हातात की वाद्यात? माझं मत: वाद्यात, आणि तेसुद्धा पेडलच्या जोडणीत

बारवाला_ऑस्टिन
इथे टेक्सासमध्ये चार वर्षं झाली पेडल स्टील शिकतोय आणि ज्याला विचारावं तो एकच सांगतो, टोन (म्हणजे आवाजाचा पोत) हातात असतो, गिटार कुठलीही घे. मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते लिहितो, पटलं नाही तर खुशाल भांडा.

ज्यांनी हे वाद्य पाहिलं नाहीये त्यांच्यासाठी: आपल्याकडे जिला हवाईयन गिटार म्हणतात तिचीच ही पुढची पिढी. टेबलासारखी चार पायांवर उभी, बहुतेक वेळा 10 तारा, डाव्या हातात तारांवर सरकवायचा गोल पोलादी बार, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना नखी. खाली पेडल, गुडघ्यांच्या बाजूला लिव्हर. पेडल दाबलं की ठराविक तारा ठरलेल्या सुरापर्यंत चढतात, बाकीच्या जागेवरच राहतात. म्हणजे एक सूर मींड घेतोय आणि शेजारचे दोन तसेच उभे, हा जो रडका गोड आवाज कंट्री गाण्यात येतो तो इथून.

आता मुद्दा. स्नीकी पीट क्लाइनो घ्या, फ्लाइंग बरिटो ब्रदर्स बँडचा पेडल स्टीलवाला, 1969 च्या सुमाराचा. कंट्री संगीताच्या नॅशविलमध्ये तेव्हा सगळे 10 तारांच्या ई नाइन ट्यूनिंगवर (तारा कुठल्या सुरांना लावायच्या त्याची ठरलेली पद्धत), आणि हा लॉस एंजेलिसमध्ये फेंडर 400 घेऊन बसलाय, 8 तारा, आत केबलने ओढायची यंत्रणा, ट्यूनिंग बी सिक्स. वर फझ (आवाज खरखरीत फाटका करणारं यंत्र) लावायचा. त्याच्या फ्रेजा ई नाइनवर काढून बघा, सूर सापडतात पण वळण सापडत नाही, कारण ते वळण त्याच्या पेडलच्या खाली होतं. त्याच्या हातात नॅशविलची गिटार दिली असती तर तो चांगला वाजवणारा झाला असता, स्नीकी पीट झाला असता असं मला वाटत नाही.

ठाणेकर_काका
अहो बारवाले, उदाहरण छान दिलंत पण एकाच माणसावर सगळा डोलारा उभा केलात. पेडल स्टीलवाल्या बडी एमन्सचं काय करणार? कंट्री गायक रे प्राइसचा 1963 चा नाइट लाइफ अल्बम ऐका, तेव्हा तो शो-बड वाजवत होता, जी कंपनी त्याने आणि शॉट जॅक्सनने मिळून काढलेली, नावच दोघांचं जोडून. पुढे स्वतःच्या नावाची एमन्स कंपनी काढली, यंत्रणा पूर्ण वेगळी, आणि मग बराच काळ ती वाजवली. दोन्हीकडे दोन ओळींत माणूस ओळखू येतो. गिटार बदलली, माणूस नाही बदलला.

मी स्वतः ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचो, आमच्याकडे एकच गिटार होती आणि वाजवणारे आम्ही दोघं, पडद्यामागे उभा असलेला चहावालासुद्धा सांगायचा आज कोण बसलंय. उजवा हात तारेवर कुठे पडतो, ब्रिजजवळ की बारच्या बाजूला सरकून, सूर संपला की तार तळहाताने दाबता की नखीनेच थांबवता, बार किती जोरात टेकवता, कंप कुठे सुरू करता. यात गिटार बनवणाऱ्याचा काही संबंध नाही.

यंत्र_आणि_मंत्र
मी मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्यात. वाजवत नाही, दुरुस्त करतो, माझ्याकडे दोन पेडल स्टील येऊन गेल्यात (भारतात ही संख्या खूप झाली). काका म्हणतात संबंध नाही, तर संबंध आहे आणि तो हाताने पकडून दाखवता येतो. एमन्सची जुनी जी पुश-पुल म्हणतात तिच्यात तार ज्या बोटासारख्या भागावर बसते तो भाग पेडल सोडलेलं असताना बॉडीला टेकून घट्ट बसतो. चढवताना ओढला जातो, उतरवताना ढकलला जातो, म्हणून नाव पुश-पुल. नंतरच्या ऑल-पुल गिटारीत सगळं ओढूनच होतं, स्प्रिंगा जास्त, लावायला सोपी. पण जुने लोक पुश-पुलसाठी जीव टाकतात तो त्या बॉडीला टेकण्यासाठी. लावायला मात्र भयंकर, एक स्क्रू फिरवला की दुसरा बिघडतो, मी एका गिटारीवर सलग दोन रविवार घालवलेत.

आणखी एक. पेडल दाबलं की ताण वाढतो, बॉडी थोडी वाकते, आणि ज्या तारा हलायलाच नको होत्या त्या किंचित उतरतात. याला कॅबिनेट ड्रॉप म्हणतात. प्रत्येक गिटारीत वेगळा. वाजवणारा नकळत बार त्या हिशोबाने पुढेमागे करतो. मग हा "हात" कोणाचा, माणसाचा की त्या लाकडाचा?

आवाज कमीजास्त करायचं व्हॉल्यूम पेडल तर कोणी मोजतच नाही. त्यात साधा पॉट (आवाज कमीजास्त करणारा फिरता रोध) असेल तर पिकअपवर, म्हणजे तारेचा कंप विजेत बदलणाऱ्या भागावर, भार पडतो आणि पाय मागे घेतला की वरची धार जाते. बफर (हा भार अडवणारं छोटं सर्किट) लावा, धार परत. पेडल स्टीलवाला सूर छेडताना पाय मागे ठेवतो आणि सूर विझायला लागला की पुढे नेतो, म्हणजे ही धार जाणं-येणं प्रत्येक सुरात आहे.

सतारवेडा_मिरज
दोन्ही बाजू वाचल्या. आमच्या गावात सतार बनते म्हणून माझी नजर जरा वेगळी आहे.

विलायत खाँसाहेबांची सतार आणि रविशंकरजींची सतार, दोन वेगळी वाद्यं म्हणावीत इतका फरक. एकीकडे खर्जाच्या जाड तारा कायम, खोल आलाप. दुसरीकडे खाँसाहेबांनी त्या काढून टाकल्या, गांधाराची तार घातली, लांब मींड झेपावी म्हणून वाद्य मजबूत करून घेतलं, कारण त्यांना गाण्यासारखं वाजवायचं होतं. आता सांगा सतारीने खाँसाहेब घडवले का खाँसाहेबांनी सतार? गळा आधी डोक्यात होता, वाद्य नंतर आलं.

तुमच्या एमन्सचंही तेच. 1954 ला वेब पिअर्सचं स्लोली हे गाणं गाजलं, बड आयझॅक्सने त्यात सूर वाजत असतानाच पेडल दाबलं आणि सगळे पेडलच्या मागे लागले, पण त्याचं एकच पेडल दोन बदल एकदम करायचं. एमन्सने ते दोन पेडलमध्ये फोडलं. वरच्या एफ शार्प आणि डी शार्पच्या तारासुद्धा त्यानेच घातल्या. त्याला हवा तो आवाज वाद्यात नव्हता म्हणून त्याने वाद्य उघडलं. पॉल फ्रँकलिन या पेडल स्टीलवाल्यासाठी तर त्याच्या वडिलांनीच गिटारी बनवल्या. बारवाले, तुम्ही बाण उलटा काढलाय.

ठाणेकर_काका
मिरजकर, अगदी माझ्या मनातलं. वाद्य हे हाताच्या मागून चालतं.

बारवाला_ऑस्टिन
मिरजकर, रात्री बराच वेळ यावर विचार केला आणि अर्धं मान्य करतो. पहिल्या माणसाच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात, एमन्सने पेडल फोडलं तेव्हा हात आधी होता. पण त्याच्यानंतर आलेले आम्ही? मी पहिल्या दिवशी बसलो तेव्हा ए आणि बी पेडल शेजारी शेजारी लावलेले तयार मिळाले. ए पेडलने बी सुराचा सी शार्प होतो, बी पेडलने जी शार्पचा ए, दोन्ही एकदम दाबले की बार न हलवता षड्जाच्या कॉर्डवरून मध्यमाच्या कॉर्डवर. हे पायाला इतकं सोपं आहे की पहिल्याच आठवड्यात माझं प्रत्येक गाणं तिकडेच जायला लागलं. तो माझा गळा नव्हता, एमन्सच्या घोट्याची सवय माझ्या पायाला मिळाली.

जिमी डे या वाजवणाऱ्याने हेच पेडल उलट्या क्रमाने लावले, ए च्या जागी सी, म्हणजे तिसरं पेडल. अजून काही लोक तशी जोडणी ठेवतात. सूर तेच पण घोटा उलटा वळतो, त्यामुळे कुठलं पेडल हळूच सोडत उतरायचं आणि त्याच वेळी गुडघा कुठे न्यायचा हे सगळं बदलतं. मी एका मित्राच्या तशा गिटारीवर तासभर बसलो, चार वर्षांचं पाठांतर गेलं आणि ज्या दोन गोष्टी सापडल्या त्या माझ्या गिटारीवर मला कधीच सुचल्या नव्हत्या.

वऱ्हाडी_सूर
मी वाजवत नाही फक्त ऐकते, नागपूरहून, त्यामुळे माझं ऐकणाऱ्याचं मत. सत्तरच्या दशकात नॅशविलमध्ये शो-बड किती जणांकडे होत्या! तरी पेडल स्टीलवाला लॉइड ग्रीन दोन सुरांत कळतो, तो हलका, हसरा, सुरांच्या मध्ये जागा ठेवणारा. त्याच्या नावाची एलडीजी गिटार कंपनीने विकायला काढली, लोकांनी घेतली, मग सगळे लॉइड ग्रीन का नाही झाले? बारवाले दादा, तुम्ही जे सांगताय ते सवयीबद्दल आहे, टोनबद्दल नाही. डोळे मिटून मला माणूस ऐकू येतो, गिटारीचं नाव ऐकू येत नाही.

यंत्र_आणि_मंत्र
ताई, राल्फ मूनी या पेडल स्टीलवाल्याचं कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमधलं काम डोळे मिटून ऐका, फेंडर 1000 वरचं. ती काचेसारखी धार, शेजारच्या टेलिकास्टर इलेक्ट्रिक गिटारला भिडणारी. तिथे मला माणूस आणि गिटार वेगळे काढता येत नाहीत.

वऱ्हाडी_सूर
मूनीचं मान्य. पण तो दुसऱ्या गिटारवरही मूनीच राहिला असता, थोडा मऊ मूनी.

बारवाला_ऑस्टिन
ताई, सवय आणि टोन वेगळे कसे करता? आता माझंच उदाहरण, गेल्या महिन्यातलं. सहावी तार, जी शार्पची. लोकांचे दोन पक्ष आहेत, वरून बारीक तार गुंडाळलेली 22 ची लावा नाहीतर साधी 20 ची (आकडे जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). गुंडाळलेलीचा आवाज भरीव, मला तोच हवा होता म्हणून लावली. पण त्याच ओढीला गुंडाळलेल्या तारेचा सूर साध्यापेक्षा कमी बदलतो. लिव्हरने ती जी शार्पवरून एफ शार्पपर्यंत पूर्ण एक सूर उतरायला हवी, माझ्या गिटारीवर ती मध्येच अडकते, यंत्रणेला तेवढी जागाच नाही. म्हणजे भरीव टोन घेतला आणि उतरती फ्रेज गेली. साधी लावली तर फ्रेज परत आली, आवाज पातळ झाला. आता मी जे वाजवतो त्यात ती फ्रेज आहे की नाही हे एका तारेने ठरवलं. लॉइड ग्रीनच्या त्या मोकळ्या जागा म्हणता ना, त्यातल्या किती त्याने ठेवल्या आणि किती त्याच्या पेडलनी ठेवल्या, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

सतारवेडा_मिरज
हा मुद्दा तगडा आहे. आमच्याकडे जवारी करणाऱ्याला, म्हणजे सतारीची घोडी घासून आवाज जमवणाऱ्याला, लोक हेच सांगतात, टिकाव हवा का धार हवी ते आधी ठरव.

ठाणेकर_काका
मला नाही पटलं. लिव्हर पोचत नाही तर बार तिरका धरा. आमच्याकडे पेडल होती कुठे? एक तार खाली, एक वर, बारचं टोक मागे न्यायचं, सूर बरोबर लागायचा. गुंडाळलेली तार ठेवा, भरीव आवाज ठेवा आणि फ्रेज हाताने काढा. तिथेच तर कळेल हात काय करतो ते.

बारवाला_ऑस्टिन
काका, तुमच्या 6 तारा आणि हलका बार, माझ्या 10 तारा आणि जाड गोल बार, तो तिरका केला की घसरतो आणि तिसरी तार बेसूर होते. पण म्हणताय तर करतो. रविवारी दोन्ही रेकॉर्ड करून इथे टाकतो, आधी साधी तार आणि लिव्हर, मग गुंडाळलेली आणि तिरका बार. ॲम्प तोच, व्हॉल्यूम पेडल तेच. कुठलं कुठलं ते सांगणार नाही, आधी तुम्ही आणि ताई ओळखा.