प्रति: जहाज परदेशी असलं तर बंदर काय करणार?

परदेशी जहाजाने आपल्या समुद्रात तेल सांडलं, प्रदूषण केलं, तर 'झेंडा परदेशी (म्हणजे जहाजाची नोंदणी दुसऱ्या देशात), म्हणजे आपले हात बांधलेले' असं वर म्हटलं गेलं, ते अर्धंच खरं आहे. बंदराच्या हद्दीत शिरलेल्या जहाजाला झेंड्याचं कवच फारसं मिळत नाही. तिथे तेलाच्या नोंदवह्या तपासता येतात आणि गंभीर दोष आढळले तर जहाज रोखताही येतं. मात्र मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली ही तपासणी करतात केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचे सर्वेक्षक, बंदराचा अध्यक्ष नव्हे. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते.

अडचण सुरू होते किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे. तिथल्या प्रदूषणासाठी जहाज अडवायचं तर मोठ्या हानीचा किंवा तशा धोक्याचा स्पष्ट पुरावा लागतो, आणि शिक्षा फक्त दंडाची. कॅप्टनला तुरुंगात टाका म्हणणाऱ्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचं कलम २३० वाचावं.

पैशांची खरी वसुली होते ती उच्च न्यायालयात, २०१७च्या अ‍ॅडमिरल्टी (म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांच्या) कायद्याखाली. मे २०२५मध्ये लायबेरियाचा झेंडा असलेलं 'एमएससी एल्सा ३' कोचीजवळ बुडालं. बुडालेलं जहाज जप्त करून काय मिळणार? म्हणून केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि न्यायालयाने विळिंजम बंदरात उभ्या असलेल्या 'एमएससी अकितेता २' या त्याच कंपनीशी संबंधित दुसऱ्या जहाजाच्या अटकेचा, म्हणजे जप्तीचा, आदेश दिला. माझ्या मते कुठल्याही दंडापेक्षा हा धाक मोठा. उभं जहाज रोज पैसे खातं, त्यामुळे मालक हमीची रक्कम घेऊन वाटाघाटीला येतो.

मुंबईपुरतं बोलायचं तर २०११मध्ये बुडालेल्या 'रॅक कॅरियर'च्या प्रकरणात हरित लवादाने १०० कोटींची भरपाई ठोठावली, पण २०१६ साली.