वसतिगृहाच्या अर्जात दोनच रकाने असतील, तर खोली कशी मागावी?

सह्याद्रीवारा, 11 जून 2024

नमस्कार. पुण्यातील एका महाविद्यालयात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला मला प्रवेश मिळाला असून वसतिगृहाचा अर्ज याच आठवड्यात भरायचा आहे. अर्जात ‘मुलांचे वसतिगृह’ आणि ‘मुलींचे वसतिगृह’ असे दोनच रकाने आहेत. शाळेच्या दाखल्यापासून आधार कार्डापर्यंत सगळीकडे माझी नोंद ‘स्त्री’ अशी आहे. प्रत्यक्षात मात्र स्वतःची ओळख मला ना स्त्री म्हणून पटते, ना पुरुष म्हणून. पदवीची तीन वर्षे मी मुलींच्या वसतिगृहात काढली. छळ असा कोणी केला नाही; पण केस बारीक कापल्यानंतर नव्याने आलेल्या मुली सामाईक न्हाणीघरात मला पाहून दचकायच्या, फाटकावरचा पहारेकरी दर सुट्टीनंतर ओळखपत्र मागायचा, आणि शेवटच्या वर्षी पहाटे चारला अंघोळ उरकून घेण्याची सवय मला लागली.

नव्या महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारले, तेव्हा ‘कागदावर आहे तेच भरा’ एवढे उत्तर मिळाले. मुलांच्या वसतिगृहात जाण्याची माझी इच्छा नाही आणि ते मला सुरक्षितही वाटत नाही. कॉट बेसिसच्या जागांवरही ‘फक्त मुली’ किंवा ‘फक्त मुले’ अशाच पाट्या दिसल्या. पदवीपासूनचे दोघे जण, एक मित्र आणि एक मैत्रीण, मिळून सदनिका भाड्याने घेऊ असे सुचवतात. परंतु ‘मुलगा-मुलगी एकत्र नको’ असे म्हणून दोन घरमालकांनी फोनवरच नकार दिला आहे.

लिंगनिरपेक्ष (म्हणजे खोली देताना स्त्री-पुरुष असा भेद न करणारे) वसतिगृह आपल्याकडे कोठे प्रत्यक्ष अस्तित्वात आहे का, आणि जेथे नाही तेथे लेखी मागणी नेमकी कशाची करावी, हे मला जाणून घ्यायचे आहे. (‘राहतो’ लिहावे की ‘राहते’ हा प्रश्न टाळण्यासाठी काही वाक्ये मुद्दाम वळवून लिहिली आहेत, ती अवघडलेली वाटली तर समजून घ्यावे.)

निवृत्त रेक्टर, 11 जून 2024

मराठवाड्यातील एका मुलींच्या वसतिगृहाची मी 19 वर्षे रेक्टर होते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने काय दिसते ते सांगते.

जून महिन्यात ‘लिंगनिरपेक्ष वसतिगृह सुरू करावे’ असा अर्ज कृपया देऊ नका. तो प्राचार्यांकडे जातो, तेथून व्यवस्थापन समितीकडे, आणि समितीची बैठक होईपर्यंत दिवाळी उजाडते. धोरण मागायचे ते दुसऱ्या सत्रात, चार जणांना बरोबर घेऊन. आत्ता फक्त खोली मागा, कारण खोलीचे वाटप बहुतेक ठिकाणी रेक्टरच्या अधिकारात असते आणि त्यासाठी तिला कोणाची परवानगी लागत नाही. जवळजवळ प्रत्येक वसतिगृहात एक सिक रूम, एक पाहुण्यांची खोली आणि जिन्याखाली किंवा कोपऱ्यात एखादी अशी खोली असते, जिला स्वतःचे संडास-बाथरूम असते आणि जिच्यात वर्षानुवर्षे मोडक्या कॉट पडून असतात. तिच्याबद्दल नेमके विचारा.

माझ्याकडे तुमच्यासारखीच अडचण घेऊन एक विद्यार्थी आली होती. (तेव्हा ‘आली’च म्हणत होतो, आज कदाचित वेगळे म्हटले असते.) मी तिला सिक रूम दिली. खर्च काय, तर दाराला आतून एक नवी कडी आणि खिडकीला पडदा. चूक मात्र माझ्याकडून वेगळीच झाली. खोलीवाटपाच्या यादीत तिच्या नावापुढे मी ‘विशेष खोली’ असे लिहिले, यादी फलकावर लागली, आणि जी गोष्ट तिने फक्त मला विश्वासाने सांगितली होती ती दोन दिवसांत जेवणघरात चर्चेला आली. पुढच्या वर्षी त्या बाजूच्या उरलेल्या दोन खोल्या मी परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या, शांतता हवी असलेल्या मुलींना दिल्या आणि यादीत सर्वांपुढे नुसते खोली क्रमांक लिहिले. त्यानंतर तिथे कोण का राहते, असे कोणी विचारले नाही. म्हणून अर्जात हे अवश्य लिहा की कारणाचा उल्लेख कोणत्याही यादीत, फलकावर किंवा पालकांना जाणाऱ्या पत्रात होऊ नये. खोली मिळण्याइतकेच ते महत्त्वाचे आहे.

कलम कचेरी, 12 जून 2024

रेक्टर बाईंचा सल्ला व्यवहाराच्या दृष्टीने योग्यच आहे. त्यामागे कायद्याचा आधार कोणता, एवढीच भर घालतो.

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात दिलेल्या निकालाने आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा 2019 चा कायदा 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्याच्या कलम 3 नुसार शिक्षणसंस्थेत भेदभावाची वागणूक देण्यास, तसेच राहण्याच्या किंवा भाड्याने जागा घेण्याच्या बाबतीत नकार देण्यास मनाई आहे. कलम 13 नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने समावेशक शिक्षण द्यायचे आहे, आणि कलम 11 नुसार प्रत्येक आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आहे. त्या अधिकाऱ्याचे नाव लेखी विचारणे हा साधा पण परिणामकारक मार्ग आहे, कारण पुष्कळ ठिकाणी तसा अधिकारी नेमलेलाच नसतो आणि ते कार्यालयाच्या लक्षात तुमच्या पत्रामुळेच येते. याच कायद्याखालील 2020 च्या नियमांमध्ये संस्थांच्या समान संधी धोरणात सर्वांसाठीच्या स्वच्छतागृहांसारख्या सुविधांचा उल्लेख आहे, त्याचाही हवाला द्यावा.

मात्र ‘लिंगनिरपेक्ष वसतिगृह असलेच पाहिजे’ असे या कायद्यात कोठेही थेट लिहिलेले नाही, हे मनाशी स्पष्ट असू द्या. अर्जात तसा दावा केलात तर पहिल्याच उत्तरात तो खोडला जाईल. छळाचा प्रसंग आलाच, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांत 2016 च्या दुरुस्तीने लिंगओळख आणि लैंगिक कल यांवरून होणारा त्रासही रॅगिंगच्या व्याख्येत आला आहे.

सदनिकेबाबत: दोन किंवा तीन सज्ञान व्यक्तींनी, त्यांचा परस्परांशी विवाह झालेला नसला तरी, एका घरात भाड्याने राहण्याच्या आड कोणताही कायदा येत नाही. अडचण येते ती घरमालकाच्या आणि सोसायटीच्या मर्जीची. लिव्ह अँड लायसन्स करार तिघांच्या नावे करून घ्या आणि त्याची नोंदणी झाल्याशिवाय डिपॉझिट पूर्ण देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती नोंदणी करून देण्याची जबाबदारी घरमालकावर आहे.

न्यू जर्सीकर, 12 जून 2024

‘कोठे अस्तित्वात आहे का’ या प्रश्नाला आधी उत्तर देतो. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांच्या पाठपुराव्यामुळे 2017 च्या सुमारास असे वसतिगृह सुरू झाले, आणि हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाने 2022 मध्ये अशी जागा राखून ठेवली. या दोन्ही ठिकाणी नवी इमारत कोणी बांधलेली नाही. असलेल्या मुलींच्या वसतिगृहाचा तळमजला वेगळा काढला. ‘आमच्याकडे जागा नाही, निधी नाही’ असे उत्तर आले, तर हे उदाहरण पुढे करा.

मी सध्या अमेरिकेत शिकतो, तेव्हा इथला अनुभव थोडा विस्ताराने सांगतो. इथे मुले-मुली एकाच इमारतीत राहण्याची पद्धत सर्रास झाली ती 1970 च्या आसपास. त्या वर्षी ओबर्लिन महाविद्यालयातील अशा वसतिगृहावर ‘लाइफ’ साप्ताहिकाने मुखपृष्ठकथा केली होती, इतके ते अप्रूपाचे होते. पण इमारत एक असली तरी खोलीतला जोडीदार त्याच लिंगाचा असावा हा नियम पुढे तीसेक वर्षे बहुतेक ठिकाणी टिकला. वेस्लियन विद्यापीठाने 2003 मध्ये तो एका मजल्यापुरता सैल केला, आणि मग एकेक विद्यापीठ त्या वाटेने आले. आमच्या राज्यातल्या रटगर्स विद्यापीठाची कहाणी दुःखद आहे. 2010 च्या सप्टेंबरमध्ये टायलर क्लेमेंटी या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या खासगी क्षणांवर खोलीतल्या जोडीदाराने वेबकॅममधून पाळत ठेवली आणि त्यानंतर काही दिवसांत टायलरने आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी विद्यापीठाने जोडीदार निवडण्यातली लिंगाची अट काही वसतिगृहांत काढून टाकली. उलट दिशेचेही उदाहरण आहे: चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या विश्वस्तांनी 2012 मध्ये अशा योजनेला मंजुरी दिली होती, पण ती अमलात येण्यापूर्वीच 2013 मध्ये राज्याच्या विद्यापीठ मंडळाने तिच्यावर बंदी घातली.

इथे सामान्यतः ही सोय पर्याय म्हणून असते, तो कोणीही निवडू शकतो, आणि निवडण्याचे कारण विचारले जात नाही. रेक्टर बाईंनी आपल्या अनुभवातून जे सांगितले तेच हे आहे. ‘फक्त अमुक ओळखीच्या विद्यार्थ्यांसाठी’ अशी पाटी लावली, तर त्या दारातून आत जाणे म्हणजे सर्वांसमोर जाहीर कबुली देणे होते, आणि ज्यांनी घरी अजून सांगितलेले नाही ते त्या दाराकडे फिरकतही नाहीत.

लेकीचे बाबा, 13 जून 2024

माझी मुलगी यंदा पहिल्यांदा घराबाहेर राहणार आहे, म्हणून विचारतो. राग मानू नये. प्रश्नकर्त्यांची अडचण खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु ‘कोणीही निवडू शकतो’ अशी सोय ठेवली, तर एखादा मुलगा वाईट हेतूने तिथे जागा मागणार नाही कशावरून? आणि आम्ही पालकांनी ‘मुलींचे वसतिगृह’ म्हणून पैसे भरले असतील, तर आम्हाला न विचारता त्यातला एक मजला वेगळा कसा काढता येईल?

निवृत्त रेक्टर, 13 जून 2024

राग कशाचा? हेच प्रश्न मला दर जूनमध्ये पालक विचारत असत. तुमचा दुसरा आक्षेप मला मान्य आहे: प्रवेश झाल्यावर मध्येच मजला बदलू नये, माहितीपुस्तिकेत आधी छापावे आणि मगच अर्ज घ्यावेत. पहिल्याबद्दल सांगायचे, तर पर्याय म्हणजे तुमच्या मुलीला तिच्या संमतीशिवाय तिथे कोणी टाकू शकत नाही. जी खोली मागते तिलाच ती मिळते, तिचा जोडीदार तीच सुचवते, आणि वाईट वर्तन करणाऱ्याला जागा सोडावी लागण्याचा नियम तिथेही तसाच लागू असतो. खरे सांगायचे तर 19 वर्षांत माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक खोलीतल्या मैत्रिणीविरुद्धच्या होत्या: चोरी, फोटो काढणे, रात्रभर फोनवर बोलणे. आणि बाथरूमला आतून नीट लागणारी कडी, बंद होणारे झरोके आणि रात्री जागेवर असणारी रेक्टर यांबद्दल मात्र पालक फारसे विचारत नाहीत. मुलीला सोडायला जाल तेव्हा ती कडी स्वतः लावून पाहा.

सह्याद्रीवारा, 24 जून 2024

सर्वांचे मनापासून आभार. अर्जात ‘मुलींचे वसतिगृह’ हाच रकाना भरला आणि सोबत नव्या वसतिगृहाच्या रेक्टर बाईंच्या नावे एक पानी पत्र जोडले. त्यात चारच गोष्टी होत्या: स्वतंत्र किंवा दोघांतच वापरायचे न्हाणीघर असलेली खोली, कारणाचा उल्लेख कोणत्याही यादीत नसावा, फाटकावर छायाचित्र असलेले ओळखपत्र एकदाच तपासून नोंद करावी, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव कळवावे. पहिल्या तिन्हींना होकार मिळाला. पाहुण्यांसाठीची खोली होती, तिच्यातल्या जुन्या गाद्या हलवून ती मला दिली आहे; तिथे आणखी एक पीएच.डी.ची विद्यार्थिनी असेल आणि तिने सर्व ऐकून होकार दिला आहे. चौथ्या मुद्द्यावर ‘कळवतो’ असे उत्तर आहे. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र पाठवीन.

नव्या रेक्टर बाईंनी स्वतःहून विचारले की हाक कशी मारू. ‘अहो-जाहो करा’ असे मी सांगितले, कारण ‘तुम्ही आलात’, ‘तुम्ही जेवलात का’ यांत कोणाचीच पंचाईत होत नाही. मेसच्या काकू मात्र ‘बाळा’ म्हणाल्या, तेही चालेल. सदनिकेचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे. धोरणाच्या अर्जाचा मसुदा डिसेंबरात इथेच टाकीन; ‘कलम कचेरी’ यांनी तो एकदा नजरेखालून घालावा, ही विनंती.