भाडेकरूचे आडनाव विचारण्याचा हक्क घरमालकाला असावा का?

धागालेखक
गेल्या महिन्यात ठाण्यात आम्ही भाड्याचे घर पाहिले, भाडे आणि डिपॉझिट ठरले, आणि टोकनाचा धनादेश लिहिण्यासाठी मी पेन काढले तेवढ्यात एजंटाला मालकांचा फोन आला. त्यांनी आधी आमचे आडनाव विचारले. थोड्या वेळाने एजंट अवघडल्या आवाजात म्हणाला, "काकांनी घर नात्यातल्या माणसाला द्यायचे ठरवले आहे." आठवडाभराने त्या घराची जाहिरात जशीच्या तशी होती. जाहिरात देऊन आणि दलाली मोजून चालणारा हा व्यवसायच आहे, त्यामुळे धर्म किंवा जात पाहून दिलेल्या नकारास कायद्याने बंदी असावी असे माझे मत आहे. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेली तेव्हा आपण संतापलो होतो. मुसलमान भाडेकरूला मिळणारा तसाच नकार मात्र आपल्याला मालकाची मर्जी वाटते.

एक घरमालक
आपला संताप रास्त आहे, पण दुकानदार आणि घरमालक यांना एकाच मापाने मोजू नये. गिऱ्हाईक दहा मिनिटांत निघून जाते. भाडेकरू निदान अकरा महिने राहतो, आणि माझ्या घराला तर जिना आणि पाण्याची टाकी दोन्ही एकच आहेत. राज्यघटनेच्या भेदभावास बंदी घालणाऱ्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि विहिरी येतात, राहते घर येत नाही. अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरते ठेवले होते, तो उपविधी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये संघटनस्वातंत्र्याच्या आधारे वैध ठरवला. शिवाय १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाडेकरू कायमचा बसेल या भीतीने मुंबईत किती घरे कुलूपबंद राहिली, हे वेगळे सांगायला नको. नवा कायदा आला तरी नकार तोच राहील, फक्त कारण बदलेल.

वकिली करणारा वाचक
दोघांनीही कायदा अर्धाच सांगितला आहे. 'दुकान' हा शब्द सेवा देऊ करणाऱ्या कोणालाही लागू होईल इतक्या व्यापक अर्थाने वापरला आहे, असे डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत स्पष्ट केले होते, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी शिक्षणसंस्थांच्या बाबतीत हाच अर्थ स्वीकारला. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमानुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला निवासी जागा घेण्यास किंवा तेथे राहण्यास अटकाव करणे हा गुन्हा आहे. धर्मावरून नाकारल्या गेलेल्या भाडेकरूला असे संरक्षण नाही. पारशी संस्थेचा निकाल सभासदत्वाबद्दल होता, एकट्या मालकाच्या जाहिरातीबद्दल नव्हता. अमेरिकेच्या १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने चारपर्यंत बिऱ्हाडांच्या इमारतीत स्वतः राहणाऱ्या मालकाला सवलत दिली, परंतु भेदभावाची जाहिरात करण्याची मुभा त्यालाही दिली नाही.

धागालेखक
ही विभागणी मला पटते, तरी एक गोष्ट खटकते. १९१७ मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना पारशी सराईत पारशी नाव लावून राहावे लागले, आणि लाठ्या घेऊन आलेल्या माणसांनी त्यांना तेथूनही बाहेर काढले. त्यानंतर एका हिंदू मित्राने नोकर निघून जातील असे सांगितले, तर एका ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारावे लागेल म्हटले. दोन्ही कारणे अगदी खासगी होती, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना बडोदा सोडावे लागले.

एक घरमालक
जाहिरातीचा मुद्दा मी मान्य करतो, आणि दहा-दहा फ्लॅट भाड्याने देणाऱ्याला व्यावसायिक म्हणण्यासही माझी हरकत नाही. माझा जिना मात्र त्या कायद्यात नको.