डोक्यामागची टाक्याची जागा अजून ओढतेय, कुणाला असं झालंय काय?

खानापूरकर: स्ट्रिप पद्धतीनं, म्हणजे डोक्यामागची कातडीची पट्टी काढून त्यातले केस टकलावर लावतात तसं, केस लावून घेतलेत, टाके काढले तरी मागची जागा ताठ आणि बधिर, उशीवर डोकं टेकलं की झोप मोडतेय, हेल्मेट घालून बेळगावला जायचं तर नकोच वाटतंय. कधी कमी होतंय वो हे?

निपाणीकर: घाबरू नका की. कातडीची पट्टी काढताना बारीक नसा तुटत्यात, म्हणून बधिरपणा काही महिने राहतोय, मग मुंग्या येत येत जातोय. मान फार वाकवू नका, वजन उचलू नका, नायतर व्रण रुंद होतोय.

शहापूर: पू, ताप, वाढती लाली असली तर थांबू नका, डॉक्टरला दाखवा.

खानापूरकर: ते काय नाही, खरं खाज लई.

निपाणीकर: भरून येताना खाज येतेच, नखं तेवढी लावू नका.